वय ५८, एफ कॉर्ड काही केल्या वाजत नाही

रत्नदुर्ग:
नमस्कार मंडळी. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कॉलेजपासून मनात असलेली गिटार अखेर घरी आली. तारा स्टीलच्या आहेत. सी, जी, ए मायनर हे कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर) जमतात. एफसाठी पहिलं बोट आडवं टाकलं की निम्म्या तारा मुक्या, वर अंगठ्याच्या मुळाशी ठणका. क्लासचे सर म्हणतात, या वयात बोटं वळत नाहीत, सोप्या गाण्यांवर समाधान माना. मला समाधान मानायचं नाहीये, स्वतः वाजवत गायचंय. काय करू?

सहावीतार:
ताई, वय राहू द्या बाजूला, आधी फूटपट्टी घ्या. बाराव्या फ्रेटचा, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या बाराव्या आडव्या पट्टीचा माथा आणि सगळ्यात जाड तारेची खालची कड, यांच्यातलं अंतर मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. तीनच्या वर असेल तर विशीतल्या पोरालाही एफ जड जाईल. तुमच्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं, गिटारचं पोट फुगतं आणि तारा उचलल्या जातात.

मग एफचा तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तो ए मेजर होतो. तिथे वाजला आणि पहिल्या फ्रेटवर अजिबातच नाही, तर बहुतेक नटच्या, म्हणजे गळ्याच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा उथळ राहिल्यात. मी शिकवतो, म्हणून कळकळीने सांगतोय. वाद्याचा दोष आपल्या वयावर घेऊन किती काका-मावश्या गिटार कपाटावर टाकतात!

माहीमकर:
तारांचा नंबर, म्हणजे जाडीही बघा. बाराचा सेट असेल तर दहाचा लावा. तोवर सगळ्या तारा दोन अर्धस्वर उतरवून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) लावा. ताण साधारण २० टक्क्यांनी कमी होतो, पट्टी मात्र तीच राहते.

रत्नदुर्ग:
मोजलं, चांगलं साडेतीन भरलं! आणि पाचव्या फ्रेटवर सहाही तारा बोलल्या. सरांना उद्याच वाजवून दाखवते.

सहावीतार:
वा! आता नट आणि सॅडल (गिटारच्या पोटावर तारा टेकतात ती पट्टी) दोन्ही कारागिराकडून करून घ्या, घरी कानस लावू नका. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरते. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायला सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं, तेवढं ते वर शिल्लक आहे का, हेही विचारा. तोवर चार तारांचा छोटा एफ धरा, त्यात पहिलं बोट दोनच पातळ तारांवर आडवं पडतं. बोटांची टोकं घट्टे पडले की दुखायची थांबतील. अंगठ्याचं दुखणं मात्र अंगावर काढू नका, ठणका लागला की गिटार खाली ठेवायची.