थंडरबर्डमधून पाठवलेल्या मेलची प्रत दुसऱ्या संगणकावर का दिसत नाही?

संस्थेचा चिटणीस:
आमच्या गृहनिर्माण संस्थेचा पत्रव्यवहार मी कार्यालयातील संगणकावर थंडरबर्ड या ई-मेलच्या प्रोग्रॅममधून करतो. थकबाकीची नोटीस मिळालीच नाही असे एका सभासदाने सांगितल्यामुळे ती मी घरच्या संगणकावर शोधू लागलो, तर आलेली पत्रे सगळी होती, पण ‘सेंट’ फोल्डर रिकामा होता. कार्यालयात मात्र नोटीस जागच्या जागी सापडली. पत्ता संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचा असून दोन्हीकडे खाते पॉप पद्धतीने जोडलेले आहे. पाठवलेल्या प्रती दोन्हीकडे दिसाव्यात यासाठी काय करावे, आणि चार वर्षांच्या जुन्या प्रतींचे काय?

जुना टपाली:
पत्र पाठवणे आणि त्याची प्रत ठेवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, काम पत्र पुढच्या सर्व्हरच्या हवाली करण्यापुरतेच असते. प्रत थंडरबर्ड स्वतः ठेवतो. पॉप पद्धत सर्व्हरवरून फक्त इनबॉक्स उतरवून घेते, वर काहीही चढवत नाही. त्यामुळे तुमच्या प्रती कार्यालयातील संगणकाच्या डिस्कवर, प्रोफाइल फोल्डरमधील (थंडरबर्ड आपली पत्रे व सेटिंग्ज जिथे ठेवतो त्या फोल्डरमधील) ‘सेंट’ नावाच्या एकाच मोठ्या फाइलमध्ये साठत गेल्या आहेत. ती डिस्क बिघडली तर चारही वर्षे गेली, म्हणून आधी थंडरबर्ड बंद करून संपूर्ण प्रोफाइल फोल्डरची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या.

प्रती दोन्हीकडे दिसण्यासाठी आयमॅप पद्धत हवी, तिच्यात सगळे फोल्डर सर्व्हरवर राहतात आणि प्रत्येक संगणकावर तेच दिसतात. पण पॉपचे खाते आयमॅपमध्ये बदलता येत नाही. तोच पत्ता आयमॅप म्हणून नव्याने जोडावा लागतो. त्यानंतर अकाउंट सेटिंग्जमधील ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ या पानावर ‘प्लेस अ कॉपी इन’ची खूण आहे ना, आणि समोर निवडलेला फोल्डर ‘लोकल फोल्डर्स’मधला नसून नव्या खात्यातला आहे ना, हे पाहा. जुन्या प्रती जुन्या ‘सेंट’मधून नव्यामध्ये कॉपी करा, पण एका वेळी दोनतीनशेच घ्या, कारण प्रत्येक पत्र जोडपत्रांसह सर्व्हरवर चढते. सर्व्हरवर तेवढी जागा शिल्लक आहे का, हेही आधी विचारून घ्या. सगळे वर गेल्याची खात्री होईपर्यंत जुने खाते काढू नका.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. ‘सेंट’मधील प्रतीवरून पत्र पाठवल्याचे दिसते, मिळाल्याचे नव्हे, सभासदाचा वाद तेवढ्याने मिटेलच असे नाही.

संस्थेचा चिटणीस:
आभारी आहे. हे होईपर्यंत प्रत्येक पत्राची बीसीसी (इतरांना न दिसणारी प्रत) स्वतःलाच पाठवली तर चालेल का?

हिशेबनीस:
तात्पुरते चालेल. मात्र इनबॉक्समध्ये आलेल्या त्या प्रतीवर इतर बीसीसी पत्ते दिसणार नाहीत. सर्व सभासदांना बीसीसीने सूचना पाठवत असाल, तर ती कोणाकोणाला गेली याची नोंद ‘सेंट’मधील मूळ प्रतीतच राहते.

माझ्या अनुभवातली आणखी एक अडचण सांगतो. आयमॅपवर आल्यानंतर ‘सेंट’ आणि ‘सेंट आयटम्स’ असे दोन फोल्डर दिसू शकतात, कारण वेबमेल (ब्राउझरमधून उघडायचे मेलचे पान) एकात प्रत ठेवते आणि थंडरबर्ड दुसऱ्यात. वेबमेल वापरते तोच फोल्डर थंडरबर्डमध्येही निवडा.

जुना टपाली:
याला जोडून सांगतो: जीमेलचे खाते असेल तर नियम उलटा आहे. जीमेलच्या सर्व्हरमधून गेलेल्या पत्राची प्रत तो सर्व्हरच ठेवतो, त्यामुळे तिथे थंडरबर्डमधील खूण काढलेली बरी. संस्थेच्या खात्याची खूण मात्र राहू द्या. एक चाचणीचे पत्र पाठवून ते वेबमेलच्या ‘सेंट’मध्ये एकदाच दिसते का, हे पाहिले की कळेल.