मदत हवी आहे: आयब्रो टॅटू करायचाय, आधी आणि नंतर काय काय बघायचं?

उगाच_विचारते:
नमस्कार मंडळी, खूप दिवस मनात होतं, आता जवळजवळ ठरलंय पण ऐनवेळी पाय मागे येतोय म्हणून धागा काढते. माझ्या भुवया मुळातच विरळ, त्यात गेल्या वर्षभरात बाहेरच्या टोकाला केस नावालाच उरलेत, रोज पेन्सिलने काढायच्या आणि दुपारपर्यंत घामाने एक शाबूत एक गायब. ज्या आर्टिस्टकडे चौकशी केली ती म्हणते मायक्रोब्लेडिंग करा, अगदी खरे केस वाटतात, दोन दिवसांत सगळं नॉर्मल. पण माझी स्किन चांगलीच तेलकट आहे, रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन ए वालं क्रीम) लावते आणि डोकं दुखलं की आयबुप्रोफेन घेते. तर मायक्रोब्लेडिंग की ते पावडर ब्रोज, किती टिकतं, नंतर काय पाळायचं आणि नाही आवडलं तर काढता येतं का? "आहेत तशाच छान दिसतात" हा सल्ला घरात भरपूर मिळालाय, तो नको प्लीज :)

चष्मेवाली:
तेलकट स्किनला मायक्रोब्लेडिंग नको गं. त्यात हाताने बारीक ब्लेडने चिरा देऊन रंग भरतात, तेलकट त्वचेत त्या रेषा काही महिन्यांत पसरतात आणि केसांऐवजी नुसता धुरकट पट्टा उरतो. पावडर ब्रोज मशीनने बारीक ठिपके देऊन करतात, पेन्सिल फिरवल्यासारखं दिसतं पण तेलकट स्किनवर जास्त टिकतं. साधारण 1 ते 3 वर्षं धर, अगदी साफ जाईलच असं मात्र नाही, पुसट छटा राहू शकते.

आणि दोन दिवसांत नॉर्मल वगैरे काही नाही हं. पहिले काही दिवस भुवया इतक्या गडद आणि जाड दिसतात की आरशात बघून रडू येतं, मग खपल्या धरतात, त्या साधारण एक-दोन आठवड्यांत पडतात आणि खाली रंग इतका फिका दिसतो की वाटतं पैसे पाण्यात गेले. तो नंतर हळूहळू वर येतो, खरा रंग महिन्याभराने कळतो. म्हणून टचअप (राहिलेल्या जागी पुन्हा रंग भरणं) 6 ते 8 आठवड्यांनी असतो, त्याआधी "अजून थोडं भरा" म्हणून मागे लागू नकोस. खपली ओढायची नाही, कितीही खाज आली तरी, कारण खपलीबरोबर रंगही निघतो आणि तिथे टक्कल पडल्यासारखा ठिपका राहतो. खपल्या पडेपर्यंत स्विमिंग, वाफ, घाम निघेल असा व्यायाम, मेकअप सगळं बंद, आणि मलम दिलंच तर अगदी पातळ थर, लोक थापतात आणि मग चिघळतं. समारंभ असेल तर निदान दीड-दोन महिने आधी कर.

शंकासुर:
जरा वेगळा मुद्दा. बाहेरच्या टोकाचे केस अलीकडे गेलेत म्हणताय, तर आधी थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइड कमी असेल तर भुवईचा बाहेरचा भाग विरळ होऊ शकतो. वय, सतत उपटणं अशी कारणंही असतात, पण साध्या रक्ततपासणीत कळण्यासारखं आहे तर रंग भरून झाकायची घाई कशाला. औषधाने केस परत आले तर टॅटूचा आकारही वेगळा हवा ना.

आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनने रक्त जास्त येतं आणि त्याबरोबर रंग बाहेर ढकलला जातो, म्हणून डोकेदुखीसाठी त्या दिवसांत पॅरासिटामॉल बरं. पण रक्त पातळ करायची गोळी कुणाला डॉक्टरांनी दिली असेल तर ती टॅटूसाठी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हे इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितोय. जखमेवर गाठ धरणारी त्वचा, कोड, सोरायसिस, गरोदरपण, अंगावर दूध पाजणं, कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, यांपैकी काहीही असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. कोड आणि सोरायसिसमध्ये जिथे त्वचेला इजा होते तिथेच नवा डाग उठू शकतो.

निवांत_कासव:
काढायचं विचारलंयस म्हणून लिहिते, बहिणीचं बघितलंय. लेझरने निघतं पण एका बैठकीत नाही, आणि दुखतं बरं का. गंमत (म्हणजे गंमत कसली) अशी की या रंगांत आयर्न ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर लेझरने तो फिका व्हायच्या ऐवजी आणखी काळपट होऊ शकतो, तिच्या भुवईच्या कडेला तसंच झालं. म्हणून आधी एका छोट्या ठिकाणी करून बघायला सांगायचं. काही वर्षांनी रंग लालसर किंवा राखाडी-निळसरही पडू शकतो. एमआरआय करायची वेळ आली तर तिथे आधी सांगायचं, क्वचित भुवईला चुरचुरतं किंवा सूज येते, पण तेवढ्यासाठी एमआरआय टाळायचा नाही.

उगाच_विचारते:
बापरे, थायरॉइडचं डोक्यातच आलं नव्हतं, या आठवड्यात टेस्ट करते. रेटिनॉल किती आधी थांबवू? आणि त्या बाईंनी दाखवलेले सगळे फोटो केल्या केल्या काढलेले होते, त्यावरून काय कळणार?

चष्मेवाली:
काही कळत नाही, त्या दिवशी सगळ्यांच्याच भुवया झकास दिसतात. महिन्याभरानंतरचे आणि वर्षानंतरचे फोटो माग, तेही तेलकट स्किनवाल्यांचे. नसतील किंवा टाळाटाळ केली तर दुसरी शोध. सुई तुझ्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, एकदाच वापरायची, कावीळ बी-सी आणि एचआयव्हीची भीती आहे यात. रंगाची आणि नंबिंग क्रीमची (बधिर करायच्या क्रीमची) पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडंसं लावून बघणं, आधी करून घे, तरी रंगाची ॲलर्जी कधीकधी खूप उशिरा उठते हे डोक्यात ठेव. आकार आखून झाला की उठून बसून आरशात बघ, आडवं पडून चेहरा वेगळाच दिसतो, आणि पटला नाही तर पुसायला लाव, भीड धरू नकोस.

रेटिनॉल निदान दोन आठवडे आधी बंद, जखम भरल्यावरही भुवईच्या आसपास नको, रंग लवकर उडतो. सनस्क्रीन मात्र खपल्या पडून त्वचा बरी झाली की रोज.

शंकासुर:
लाली दिवसेंदिवस पसरत गेली, पू आला किंवा ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसायचं नाही, थेट डॉक्टर. आणि टेस्टचा रिपोर्ट आला की इथे कळवा, तोवर ॲडव्हान्स भरू नका.