फिनिश शॉर्ट फिल्म्स बघून आले, एक डोक्यातून जातच नाहीये

मुक्ता_ताम्पेरे: काल इथे फिनलंडमधल्या ताम्पेरेत नव्या फिनिश शॉर्ट फिल्म्सचं स्क्रीनिंग होतं, विषय माणसाचा स्वभाव. सहा फिल्म्स पाठोपाठ. बाकीच्या बऱ्या होत्या पण एकीत म्हातारे वडील आणि मुलगा सौनात, म्हणजे वाफेच्या गरम खोलीत, बसलेत, मुलगा तापलेल्या दगडांवर पाणी टाकतो, चर्र आवाज, वाफ, कोणी अवाक्षर बोलत नाही. थोड्या वेळाने वडील खालच्या बाकावर येऊन बसतात. मग मुलगापण उतरून शेजारी बसतो. संपली फिल्म! मैत्रीण म्हणाली काही घडलंच नाही, आणि मी मात्र आवंढा गिळत बसलेले. नक्की काय घडलं हो त्यात?

रानवाट: अगं घडलं की! सौनात वरच्या बाकावर वाफेचा चटका सगळ्यात जास्त, त्या वाफेला लोयल्यू म्हणतात. वडिलांना आता वरचं सोसवत नाही, ते मुलाला कळलं, आणि वय झालं वगैरे काही न बोलता तो स्वतःच खाली आला. काय सुंदर लिहिलाय सीन. पण फिनिश फिल्म म्हणजे गप्प माणसं असं धरून चालू नकोस हां. दिग्दर्शिका सेल्मा विल्हुनेनची २०१२ची एक फिल्म आहे, जेमतेम ७ मिनिटांची, २०१४ला ऑस्करचं नॉमिनेशन होतं तिला. नावाचा अर्थ, सगळं मीच बघायचं का? आपल्या घराघरातलं वाक्य! लग्नाला उशीर झालाय, नवरा आणि मुली आवरत नाहीयेत, बाईची नुसती धावपळ. शेवट सांगत नाही, बघच.

अनघा_के: सबटायटल्सबद्दल एक सांगते, मी फिनिश शिकतेय म्हणून. त्यांच्यात तो आणि ती दोन्हीला एकच शब्द, हॅन. बोलताना तर माणसालाही सर्रास से म्हणतात, म्हणजे ते. त्यामुळे पात्रं कोणाबद्दल बोलतायत हे दिग्दर्शक हवं तितका वेळ झाकून ठेवू शकतो, आणि इंग्रजी सबटायटलला मात्र पहिल्याच ओळीत he किंवा she ठरवावं लागतं. मराठीत तर आला-आली म्हणताच उघडं पडतं.

मुक्ता_ताम्पेरे: बाप रे, बाकाचं माझ्या लक्षातच नव्हतं आलं!! आता परत बघावीशी वाटतेय. आणि अनघा, दुसऱ्या एका फिल्ममधे बाई फोनवर कोणाची तरी वाट बघत असते, सबटायटलमधे he होतं म्हणून मी नवराच धरून चालले होते आणि शेवटी मुलगा निघाला, फिनिश लोकांना ते दोन्ही अर्थ शेवटपर्यंत मोकळे असणार ना.

रानवाट: हो ना! मार्चमधे तिथलाच शॉर्ट फिल्म फेस्टिवल असतो, १९७०पासून चालू आहे, तो चुकवू नकोस. फक्त सलग चार-पाच सेशन्स नको लावूस, एक झालं की शहरातून वाहणाऱ्या ताम्मेरकोस्कीच्या पुलावर जाऊन जरा उभी राहा, नाहीतर एका फिल्मची माणसं दुसरीत घुसतात.

मुक्ता_ताम्पेरे: नक्की. मैत्रिणीला आत्ताच बाकाचं सांगितलं, दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली मार्चची तिकिटं दोघींची काढ.