काकांची ८ मिमी फिल्मची रिळं सापडली आहेत. साफ कशी करू, कुठे ठेवू?

झोपाळा:
मे महिन्यात गावचं घर आवरायला काढलं. रत्नागिरीपासून अर्ध्या तासावर. माडीवरच्या ट्रंकेत जुन्या पंचांगांच्या खाली चौदा रिळं निघाली. माझे थोरले काका बोटीवर होते. पहिला कॅमेरा त्यांनी १९६२ साली एडनला घेतला. पुढे जपानच्या फेऱ्या सुरू झाल्यावर कोबेला दुसरा घेतला. काका जाऊन वीस वर्षं झाली. प्रोजेक्टर आहे, पण त्याची वायर उंदरांनी खाल्ली आहे.

नऊ रिळं पिवळ्या पुठ्ठ्याच्या डब्यांत आहेत आणि पाच पत्र्याच्या. पत्र्याचे दोन डबे उघडले तर चायनीजच्या गाडीवर येतो तसा व्हिनेगरचा भपकारा आला. तीन-चार रिळांवर पांढरट बुरशी आहे. एका डब्यावर काकांच्या अक्षरात लिहिलंय, 'भाऊचा धक्का, आई-अण्णा बोटीत'. आजीचे फोटो दोनच आहेत, दोन्ही स्टुडिओतले, ताठ बसलेले. तिला चालताना बघायला मिळेल म्हणून जीव कासावीस झालाय.

वायर बदलून प्रोजेक्टर लावून बघू का? आणि फिल्म पुसायची कशाने? मी ठाण्यात राहतो, रिळं इकडे घेऊन आलोय.

नवशिक्या_७२:
आमच्याकडे टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसायचे. तेच वापरा, चकाचक होईल. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्या की बुरशी परत येत नाही.

माळरान:
झोपाळा, प्रोजेक्टर लावू नका. कृपया. आणि नवशिक्या, राग मानू नका, पण दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. सविस्तर लिहितो. निवृत्त होईपर्यंत फिल्मच्याच कामात होतो, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रोजेक्टर का नको? साठ वर्षांत फिल्म आकसते. तिच्या कडेच्या भोकांमधलं अंतर कमी होतं, पण प्रोजेक्टरची नखी जुन्याच मापाने फिल्म ओढते. मग एकेक भोक फाटत जातं. त्यात फिल्म अडकली आणि दिव्यासमोर थांबली की चित्राची ती चौकट भाजलीच. आणखी एक गोष्ट. पिवळ्या डब्यांतली रिळं कोडॅक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म असावीत. कोडॅक्रोमचे रंग अंधारात कमालीचे टिकतात, पण प्रोजेक्टरच्या उजेडात बाकीच्या फिल्मपेक्षा लवकर उडतात. साठ वर्षं ट्रंकेत टिकलेला रंग हौसेपोटी जाळायचा का?

कोडॅक्रोम ओळखायची सोपी खूण सांगतो. फिल्मची मंद बाजू उजेडात तिरकी धरा. चित्र किंचित उठावाचं, कोरल्यासारखं दिसतं. दुसरी, चकचकीत बाजू म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. ही मंद बाजू जिलेटिनची. सगळी काळजी तिची घ्यायची.

आता वास. तुमची फिल्म अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची आहे. दमट उष्ण हवेत अ‍ॅसिटेट फुटतं आणि त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, सुटतं. हे आम्ल डब्यात कोंडलं की बिघाड आणखी जोरात होतो. एका टप्प्यानंतर ती गाडी स्वतःच्याच वेगाने उतारावर सुटते. शेजारच्या चांगल्या फिल्मलाही त्या वाफेचा त्रास होतो. म्हणून आज रात्रीच ती दोन रिळं वेगळ्या खोलीत ठेवा. डब्याचं झाकण सैल ठेवा. आधी स्कॅन करायची तीही हीच दोन. दिसायला बरी असली तरी.

वासावर भरवसा नसेल तर रॉचेस्टरच्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटच्या ए-डी पट्ट्या मिळतात. निळा कागद फिल्मसोबत बंद डब्यात एक दिवस ठेवायचा. आम्ल असेल तसा तो हिरवा आणि मग पिवळा होतो. चौदा रिळांसाठी परदेशातून मागवायची गरज मला वाटत नाही, नाकाने भागेल.

मधली_आळी:
अहो पण ही फिल्म पेट घेते ना? पुण्यातलं २००३ सालचं आठवतंय. फिल्म आर्काइव्हच्या कोठारातली आग.

माळरान:
ती नायट्रेट फिल्म, सहज पेटणारी. ८ जानेवारी २००३ ला जे जळालं ते जुन्या सिनेमांचं ३५ मिमी नायट्रेट होतं. घरगुती ८ मिमी १९३२ साली बाजारात आली ती पहिल्यापासून 'सेफ्टी', म्हणजे सहज न पेटणाऱ्या फिल्मवरच. झोपाळांनी ती फटाक्यासारखी पेटेल म्हणून घाबरू नये. आगीपासून लांब ठेवावी, एवढंच.

धुंदुरमास:
आमच्याकडची चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. १९९१ साली बाबांनी त्यांच्या मुंजीपासूनची सगळी रिळं एका व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे दिली. त्याने भिंतीवर प्रोजेक्टर लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि व्हीएचएसवर उतरवून दिलं. चित्र सारखं लुकलुकतंय, कडा कापलेल्या, आणि जिथे फिल्म तुटली तिथे साधी सेलोटेप. 'आता काय, कॅसेट झाली' म्हणून आम्ही रिळं बाथरूमच्या माळ्यावर टाकली. कॅसेटला बुरशी लागली. रिळं गेल्या वर्षी खाली काढली, तर त्यातली निम्मी अजून ठणठणीत! सेलोटेपचा गोंद मात्र पाच-सहा वेढ्यांवर पसरला होता.

तेव्हा स्कॅन झालं तरी मूळ रीळ टाकू नका हो.

खिडकीपाशी:
अनुमोदन. आणि डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. त्यांची वाफ होते आणि परत थंड होऊन वस्तूंवर खडे बसतात. आमच्या अल्बमवर बसले होते.

झोपाळा:
माळरानकाका, धुंदुरमासताई, खूप आभार. प्रोजेक्टर गुंडाळून ठेवला. तिरकं धरून बघितलं, पिवळ्या डब्यांतल्या दोन रिळांवर खरंच उठाव दिसतो! पत्र्याच्या एका डब्यातली फिल्म वेगळी वाटते, पातळ आणि चिवट. हिची भोकंही लहान आहेत. आणि स्पिरिट नको तर मग काय?

माळरान:
लहान भोकं म्हणजे १९६५ नंतरची. त्या वर्षी कोडॅकने सुपर ८ काढली आणि फुजीने सिंगल ८. चौकट तीच, कॅसेट वेगळी. कॅमेरा कोबेचा, तेव्हा तुमची सिंगल ८ असणार. फुजीची ती फिल्म पॉलिएस्टरची, म्हणून पातळ. तिला व्हिनेगर होत नाही. पण फिल्म सिमेंटने, म्हणजे फिल्म जोडायच्या द्रवाने, ती चिकटत नाही. जोड द्यायचा तर फिल्मची खास टेपच लागते.

आता पुसण्याबद्दल.

पाणी नाही. ओला रुमाल नाही, बाळाचे वाइप्सही नाहीत. बुरशी जिलेटिन खाते आणि खाल्लेला भाग पाण्यात विरघळायला लागतो. ओल्या बोळ्याने पुसलं तर बुरशीबरोबर आजीही पुसली जाईल. औषधांच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये चांगलंच पाणी असतं, म्हणून ते नको. जुने लोक कार्बन टेट्राक्लोराइड वापरायचे. ते यकृताची वाट लावतं, कोणी जुनी बाटली दिली तरी घेऊ नका. रॉकेल आणि थिनरचं नाव कोणी अजून काढलेलं नाही, पण काढेल, म्हणून आधीच सांगतो.

बुरशीची रिळं आधी कोरडी होऊ द्या. ठाण्यात पावसाळ्यात एसी चालतो त्या खोलीत आठवडाभर ठेवा. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली आली की बुरशी वाढायची थांबते. मरत नाही, झोपते. मग मास्क लावा, सुती हातमोजे घाला. खिडकी उघडी, पंखा बंद.

दोन चक्र्या लागतात, हाताने फिरवायच्या. एकीवरून दुसरीवर फिल्म घ्यायची आणि मधे न सुटणाऱ्या धाग्याचं मऊ कापड दुमडून, चिमटीत हलकं धरायचं. नवी मलमल दोनदा धुऊन, वाळवून घेतली तरी चालते. कापड दर थोड्या फुटांनी सरकवा. नाहीतर पहिल्या दोन फुटांतला वाळूचा कण पुढचे अठ्ठेचाळीस फूट ओरखडत जातो. मी शिकाऊ असताना हेच करून शिव्या खाल्ल्या आहेत.

बहुतेक रिळांना एवढंच पुरतं. खरोखर चिकट घाण असेल तरच ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड पुसायला वापरतात ते, 'आयपीए' म्हणून लॅमिंग्टन रोडला मिळतं. कापड जेमतेम ओलसर, फिल्म इतकी सावकाश की दुसऱ्या चक्रीवर जाईपर्यंत वाळलेली. आधी शेवटच्या कोऱ्या पट्टीवर करून बघा. टेपचे जोड आले की अल्कोहोल लावू नका, गोंद सुटून पसरतो. हे द्रव पेट घेतं, देवघरातली निरांजनं लक्षात ठेवा.

व्हिनेगरची दोन रिळं मात्र स्वतः पुसू नका. ताठ आणि वळलेली असतील तर उलगडूही नका. तशीच स्कॅनवाल्याकडे.

गच्ची_क्र_३:
स्कॅनवाला निवडताना काय विचारायचं?

खिडकीपाशी:
मी मागच्या वर्षी हे सगळं केलं, म्हणून सांगते. पहिला प्रश्न, मशीन फिल्म दात्यांनी ओढतं की रबरी चाकांनी? आकसलेल्या फिल्मला दाते नकोत. दुसरा, चौकट चौकट सुटी टिपता का? 'प्रोजेक्ट करून शूट करतो' म्हणाला की नमस्कार करून निघायचं. तिसरा, भोकांसकट पूर्ण रुंदी द्याल का? कडांवरची अक्षरं आणि खुणा त्यात येतात, फिल्म कधीची ते ठरवायला उपयोगी पडतात.

आणि त्यांना सांगा, 'सुंदर' करू नका. आमच्या पहिल्या फाइलमध्ये सॉफ्टवेअरने फिल्मचे बारीक दाणे पुसता पुसता आत्याच्या नऊवारीची सगळी वीण पुसून टाकली. चेहरे मेणाचे! कच्ची फाइल घ्या, मग हवी तर दुसरी सुधारलेली.

वेगाचंही सांगा. जुनी ८ मिमी बहुधा सेकंदाला १६ चौकटींची, सुपर आणि सिंगल ८ बहुधा १८ ची. २५ ने चालवली की सगळे चार्ली चॅप्लिनसारखे धावतात. जुन्या ८ च्या पन्नास फुटांत साधारण चार मिनिटं असतात, सुपर ८ च्या पन्नासात ३ मिनिटं २० सेकंद. यावरून तुमची चौदा रिळं मिळून किती वेळाची ते काढा. बरेच जण फुटावर पैसे घेतात.

मधली_आळी:
कोकण बोटीची फिल्म असेल तर ती फक्त घरची राहत नाही हो. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी गेलेली पिढी आता थोडी उरली आहे. पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय किंवा मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन, दोघांना पत्र टाकून बघा. घेतील न घेतील, पण विचारायला काय जातं.

झोपाळा:
पंधरा दिवसांनी लिहितोय. सहा रिळं कोरडी पुसून झाली. काकूंना (वय ८१) शेजारी बसवून चौकटी भिंगातून दाखवल्या, त्यांनी सतरा माणसं ओळखली. 'आई-अण्णा बोटीत' हे रीळ नेमकं वासवाल्या दोघांपैकी एक निघालं. पहिले काही फूट नारिंगी, जळाल्यासारखे दिसतात. पोटात गोळा आला.

माळरान:
ते जळालेलं नाही, उजेड शिरलाय. जुन्या ८ मिमीच्या कॅमेऱ्यात १६ मिमी रुंद फिल्मची पंचवीस फुटांची चक्री घालायचे. अर्धी रुंदी टिपली की चक्री उलटून दुसरी अर्धी. लॅबमधल्या रासायनिक धुलाईनंतर ती उभी चिरून दोन तुकडे एकापुढे एक जोडायचे. चक्री भर उजेडात उलटली की टोकाला असा नारिंगी डाग पडतो. रिळाच्या मधोमधही एक दिसेल, तिथे जोड असेल. काकांनी धक्क्यावर उन्हातच चक्री बदलली असणार.

झोपाळा:
हुश्श. सोमवारी ती दोन रिळं स्कॅनला जातायत, रबरी चाकांवाल्याकडे. बाकीची ठेवू कुठे? फ्रीजर?

माळरान:
फ्रीजर उत्तम, पण दुहेरी झिपच्या पिशव्या, आत आर्द्रता दाखवणारं कार्ड, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी न उघडणं, एवढं पाळणार असाल तर. गावी वीज जाते तिथे हा नाद नको. नाहीतर ठाण्याच्या घरात, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात, मधल्या फळीवर. माळा नाही. पॉलिप्रॉपिलीनचे डबे, रिळं आडवी, रबरबँड काढून टाका.

झोपाळा:
आणि ते गंजलेले पत्र्याचे डबे?

धुंदुरमास:
डबे टाका. लेबलं आधी काढून घ्या, किंवा निदान फोटो काढा. काकांचं अक्षर आहे त्यावर.