राजीनामा लिहून दे म्हणायलेत, सही करू का?

वाळूजचा_ऑपरेटर
वाळूज एमआयडीसीत प्रेस शॉपला ऑपरेटर होतो. कंपनीच्या रोलवर, ठेकेदाराकडं नाही. 6 वर्षं 8 महिने झाले. सोमवारी फर्स्ट शिफ्टला गेलो तर पंचिंगला कार्डच लागंना. रोज रामराम घालणारा सिक्युरिटीवाला खाली बघत म्हणला, "भाऊ, एचआरमधी बोलावलंय." तिथं म्हणले ऑर्डर कमी झाली, राजीनामा दे, परवा हिशोब घेऊन जा. कागद टाइप करूनच ठेवलेला, "घरगुती कारणास्तव". घरी कसलं कारण? उलट सोयाबीन पाण्यात गेल्यापासून घर ह्याच पगारावर चालू आहे. मूळ पगार अन् डीए मिळून 14,300. ग्रॅच्युइटी 6 वर्षांची 49,500 म्हणायलेत. सही केली नाही अजून. शनिवारचा डबा अन् सेफ्टी शूज लॉकरमधीच राहिले.

जुना_युनियनवाला
सही करू नको. तू सोडलं नाहीस, त्यांनी काढलंय. राजीनामा दिलास की एक महिन्याची नोटीस नाहीतर त्याचा पगार, अन् दर वर्षामागं 15 दिवसांच्या सरासरी पगाराएवढी कामगार कपातीची भरपाई, दोन्हीवर पाणी. ग्रॅच्युइटी 5 वर्षं भरली की राजीनाम्यातही मिळते, पण गणितात मारलंय तुला. 14,300 भागिले 26 गुणिले 15, वर्षाला 8,250. वरचे महिने सहाच्या पुढं गेले की पुरतं वर्ष धरतात. तुझी 7 झाली, 57,750. तीस दिवसांत द्यायची, उशीर केला तर व्याजासकट. केलेल्या दिवसांचा पगार दोन कामाच्या दिवसांत.

आजच मेल टाक: "अमुक तारखेला गेटवर अडवलं, मी कामावर यायला तयार आहे." नाहीतर उद्या म्हणतील पोरगं आपणहून यायचं बंद झालं. लई बघितलेत असले.

चिकलठाणा_नाईट_शिफ्ट
मी केली होती सही. खाली "काही येणे बाकी नाही" होतं, वाचलंच नाही. पीएफला एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सुटल्याची तारीखही टाकंनात. शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाल्यावर यूएएन म्हणजे पीएफच्या नंबरानं ऑनलाइन लॉगिन करून मीच टाकली. पगाराच्या स्लिपा अन् अपॉइंटमेंट लेटर आधी हाताशी ठेव.

वाळूजचा_ऑपरेटर
मेल टाकला. तासाभरात एचआरचा फोन, "कशाला वाढवायलास?" उद्या कामगार उपायुक्तांच्या ऑफिसला जातो. काका, अर्जाला वकील लागतो का?

जुना_युनियनवाला
अर्जाला नाही लागत. दोन प्रती ने, एकीवर आवकचा शिक्का मारून घे. अन् लॉकरमधल्या डब्याचं बी लिही त्यात. आपणहून नोकरी सोडणारा घरचा डबा मागं ठेवून जात नाही.