क्वाड ड्रॅग: आधी इंजिन उघडायचं की आधी स्प्रॉकेट बदलायचं?

साखळदंड:
बरेच दिवस मनात होतं म्हणून धागा काढतोय. ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ ट्रॅकवरच्या छोट्या रेससाठी, क्वाड (चार चाकांची एटीव्ही) घेतली की लोकांचा पहिला प्रश्न एग्झॉस्टचा पाइप कुठला लावू, पोर्टिंग (सिलिंडरमधली हवेची आणि धुराची भोकं मोठी करणं) करू का, कार्ब (कार्बोरेटर) केवढा घालू. आणि पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) किती दातांचं आहे विचारलं तर सांगता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे, इंजिनचा एक बोल्टही सैल करायच्या आधी गिअरिंग, क्लच आणि मागचे टायर मार्गी लावा. मातीवरची ३०० फुटांची रेस म्हणजे जेमतेम ९१ मीटर, तेवढ्यात असलेली ताकद जमिनीत उतरली नाही तर वाढवलेली कुठून उतरणार?

माझी गाडी यामाहा बॅन्शी, ३४७ सीसी, दोन सिलिंडर टू स्ट्रोक, कंपनीतून पुढे १४ मागे ४१ येते. पिकअप वाढतो असं ऐकून मी पण पुढे १३ घातलं. वाढला खरा, पण फक्त हातांना जाणवण्यापुरता. हिरवा लाइट लागला की पुढची चाकं आभाळात, मग थ्रॉटल सोडा, चाकं खाली येऊ द्या, परत द्या, तोवर पहिला संपलेला, आणि लाइन यायच्या आत पाचवा टाकावा लागायचा. एक दिवस वैतागून १५ घातलं. पहिल्याच पासला (ट्रॅकवरच्या एका धावेला) पुढची चाकं वीतभर उचलली आणि तिथेच राहिली, थ्रॉटल एकदाही सोडावा लागला नाही, आणि लाइन चौथ्यातच ओलांडली. एक अख्खी शिफ्ट वाचली. इंजिन तेच, जेट (कार्बमधलं पेट्रोलचं भोक) तेच, फक्त पुढे दोन दात जास्त, आणि टाइम आधीच्या प्रत्येक पासपेक्षा चांगला.

म्हणून म्हणतो, आधी स्प्रॉकेट. कोणाला पटत नसेल तर सांगा.

पोर्टवेडा:
मला नाही पटत, आणि कारणासकट सांगतो. गिअर ताकद बनवत नाही दादा. चाकाला मिळणारा जोर म्हणजे त्या क्षणी इंजिन देतंय ती पॉवर भागिले गाडीचा वेग, आणि वरची संख्या इंजिन ठरवतं, स्प्रॉकेट नाही. तुम्ही १३ वरून १५ वर जाऊन फास्ट झालात कारण १३ मुळात चुकीचंच होतं, चूक दुरुस्त केलीत इतकंच.

दुसरं म्हणजे क्रम. समजा तुम्ही सगळा सीझन घालवून स्टॉक इंजिनला परफेक्ट गिअरिंग बसवलंत. मग एग्झॉस्ट पोर्ट वर उचलला आणि ड्रॅगचा पाइप लावला, तर जी पॉवर ८५०० ला टोकाला जात होती ती १०००० च्या आसपास जाते आणि खालचा भाग रिकामा होतो. आता तुमचं १५ चं स्प्रॉकेट काय कामाचं? लाँचलाच (सुटतानाच) गाडी दबणार, पाइपवर (पाइपचा जोर लागतो त्या आरपीएमवर) यायच्या आत शेजारचा दोन गाड्या पुढे. परत पहिल्यापासून सगळं. त्यापेक्षा आधी इंजिन काय बनवायचं ते ठरवा, बनवा, आणि सगळ्यात शेवटी त्याला गिअर लावा. कपडा आधी शिवून मग माप घेतं का कोणी?

चाकं उचलत होती त्यावर इलाज स्प्रॉकेट नाही, लांब स्विंगआर्म (मागचा एक्सल धरणारा दांडा) आहे. ४ इंच वाढवून १४ वर चालवून बघा.

साखळदंड:
क्रमाचा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण तुम्ही एक गृहीत धरताय की नवीन माणसाला इंजिन काय बनवायचं हे कळतं. त्याला कसं कळणार? लाइन ओलांडताना आपली गाडी कुठल्या गिअरला, किती आरपीएमवर आहे हेच ज्याने कधी बघितलं नाही तो पोर्ट किती उचलणार?

मी काय केलं ते सांगतो. टॅकवर (आरपीएम मीटरवर) पांढऱ्या पेंटने एक रेघ मारली आणि लाइनवर काटा कुठे असतो तेवढंच बघायचं ठरवलं, कॅमेरा टॅकवर रोखून. चौथ्यात लाइनवर काटा ९६०० ला असेल आणि त्या इंजिनचा दम ९००० च्या वर संपत असेल, तर शेवटचे २० मीटर तुम्ही नुसता आवाज करताय. पुढे १४ च्या जागी १५ टाकलं की त्याच वेगाला तेच ९६०० चे ८९६० होतात. साधा गुणाकार भागाकार आहे. बारीक फरक करायचा असेल तर मागचं स्प्रॉकेट बदला, कारण पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळपास तीन. १५/४१ आणि १४/३८ मध्ये जवळजवळ काहीच फरक नाही, पहिलं २.७३ दुसरं २.७१.

आणि एक गैरसमज इथे सारखा दिसतो म्हणून ठळक सांगतो. स्प्रॉकेट बदलल्याने दोन गिअरमधलं अंतर बदलत नाही! दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकल्यावर आरपीएम जितके टक्के पडायचे तितकेच पडणार, ते गिअरबॉक्समधल्या दातांवर आहे. स्प्रॉकेट फक्त ती शिफ्ट ट्रॅकवर कुठे येईल ते सरकवतं. गाडी शिफ्टनंतर पाइपवरून खाली पडत असेल तर स्प्रॉकेट बदलून उपयोग नाही, तिथे मी पण म्हणेन की इंजिनकडे बघा.

स्विंगआर्मचं मात्र पटत नाही. लांब केला की मागच्या एक्सलवरचं वजन कमी होतं, चाकं उचलायची थांबतात पण सुट्या मातीवर मागचे टायर फिरायला लागतात. एक दुखणं देऊन दुसरं घेतलं.

पॅडलवाली:
तुम्ही दोघंही टायरला एका वाक्यात उडवताय याचं आश्चर्य वाटलं. मी वाळूत चालवते, तिथे टायर हाच गिअर आहे. २० इंची टायर एका फेरीत साधारण १.६ मीटर जातो, १८ इंची साधारण १.४४. म्हणजे फक्त टायर बदलला तरी गिअरिंग १० टक्के लहान झालं, स्प्रॉकेटला हात न लावता. आणि पॅडलचा (वाळू ढकलणाऱ्या टायरवरच्या उभ्या पट्ट्यांचा) तर वेगळाच हिशोब, जास्त पॅडल म्हणजे जास्त वाळू उचलायची, लहान इंजिनला तो भार झेपत नाही, लाँचलाच गुदमरतं. मी माझ्या टायरवरचे पॅडल कडेने थोडे थोडे कापत गेले, एका वेळी अगदी कमी, कारण कापलेलं परत चिकटवता येत नाही. शेवटी जिथे आले तिथे इंजिन पहिल्या १० फुटांतच पाइपवर यायला लागलं. त्याआधी सहा महिने मी जेट बदलत बसले होते!

अजून एक, क्वाडचा मागचा एक्सल अख्खा एकच असतो, चेनवाल्या स्पोर्ट क्वाडला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं. त्यामुळे दोन्ही मागचे टायर एकाच मापाचे हवेत, मापाचे म्हणजे छापलेल्या नंबरचे नाही, टेप घेऊन मोजलेले. माझी गाडी कायम डावीकडे ओढायची, मी हँडल, अलाइनमेंट, सगळं तपासलं. शेवटी शिवणकामाची टेप टायरभोवती गुंडाळली तर उजवा डाव्यापेक्षा दीड सेंटिमीटर मोठा. हवा कमीजास्त करून दोन्ही सारखे केले आणि गाडी सुतासारखी सरळ. सरळ जाताना हँडलने भांडावं लागलं नाही की थ्रॉटल आपोआप पूर्ण राहतो.

एकसिलिंडर:
टू स्ट्रोकवाल्यांनी सगळा धागा भरून टाकला म्हणून थोडं लिहितो. माझी रॅप्टर ७००, ६८६ सीसी, एकच मोठा पिस्टन. इथे पाइपवर येणं वगैरे नाही, टॉर्क खालपासून भरपूर, त्यामुळे मी पूर्णपणे साखळदंडच्या बाजूने आहे, उंच गिअर (पुढे जास्त दात) घाला आणि शिफ्ट कमी करा. पण त्यांनी क्लच नुसता नावाला घेतला. उंच गिअरवर लाँच करताना सगळा मार क्लचवर जातो. प्लेटा स्टॉक, स्प्रिंगा जुन्या, आणि वर १५ घातलं तर तिसऱ्यात आरपीएम चढतात पण गाडी चढत नाही, जळका वास येतो आणि माणूस म्हणतो गिअरिंग चुकलं. लॉकअप क्लच घालून बघा, त्यात छोटे आर्म असतात, बास्केट फिरायला लागली की ते बाहेर फेकले जातात आणि प्रेशर प्लेटला दाबतात. लिव्हर हलका राहतो आणि वर गेल्यावर क्लच घसरत नाही.

पोर्टवेडा:
पॅडलवाली ताईंचा टायरचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मी पण आता टेप घेऊन मोजणार आहे. क्लचचं पण बरोबर.

पण साखळदंड दादा, तुम्ही "जेट तेच" असं कौतुकाने लिहिलंत ना, तिथेच मला भीती वाटते. उंच गिअर म्हणजे इंजिन प्रत्येक गिअरमध्ये जास्त वेळ पूर्ण थ्रॉटलवर, पूर्ण भाराखाली. जे मिक्श्चर १३ वर चालून गेलं ते १५ वर कदाचित पुरणार नाही. मी एक पिस्टन असाच घालवलाय. दुपारच्या ३५ डिग्रीत जेट बसवला होता, प्लगचा रंग छान (मिक्श्चर बरोबर आहे का ते त्यावरून कळतं), गाडी मस्त. मग एकदा पहाटे १५ डिग्रीत त्याच जेटवर आलो. थंड हवा दाट असते, या दोन तापमानांत घनतेचा फरक सात टक्क्यांच्या आसपास पडतो, तेवढं पेट्रोल वाढवायला हवं होतं. नाही वाढवलं. त्या पासला गाडी जन्मात पळाली नव्हती एवढी पळाली, आणि चौथ्यात लाइनच्या थोडं आधी मागचे टायर एकदम अडकले. हेड आणि सिलिंडर काढला तर पिस्टनच्या एग्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, अंगठा फिरवला तर नखात अडकत होते. तेव्हापासून मी म्हणतो की ट्यूनिंग आधी. पोर्टिंग नको करू पाहिजे तर, पण जेटिंग, टायमिंग, प्लग वाचणं हे सगळं इंजिनचंच काम आहे आणि ते आधी.

नवा_चालक:
मी वाचतोय सगळं, पण माझी ऑटोमॅटिक आहे, बेल्टवाली, शाफ्ट ड्राइव्ह, स्प्रॉकेटच नाही. मी काय करू?

एकसिलिंडर:
तुझं गिअरिंग म्हणजे क्लचमधली वजनं आणि स्प्रिंग. पुढच्या पुलीतली वजनं हलकी केली की इंजिन जास्त आरपीएमवर धरून ठेवतं, जड केली की आरपीएम खाली येतात. पूर्ण थ्रॉटलला काटा सगळा पास पॉवरच्या टोकापाशी स्थिर राहिला पाहिजे. खाली असेल तर हलकी, लिमिटरला लागत असेल तर जड. बेल्ट गरम झाल्यावर परत बघ.

साखळदंड:
पोर्टवेडा भाऊ, पिस्टनचं वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, १५ घातल्यावर मी प्लग काढून बघितलाच नव्हता. तुमचं वाचल्यावर आत्ता गॅरेजमध्ये जाऊन काढला. डावा ठीक आहे, उजव्याची पोर्सेलिन माझ्या मनापेक्षा जास्त पांढरी आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडत असावं. दोन्हीकडे मेन जेट एक नंबर वाढवतोय, उजव्या बाजूचं इनटेकचं रबर कुठे हवा ओढतंय का तेही तपासतो, आणि मगच पुढचा पास.

तरी माझं मत मी सोडत नाही. जेटिंगला मी इंजिन उघडणं म्हणतच नाही, ते तर हवा बदलली की करायचंच. माझा विरोध पहिल्याच आठवड्यात सिलिंडर पोर्टिंगला पाठवण्याला आहे.

आणि तुमचं १४ आणि लांब स्विंगआर्म, एका मित्राकडे ४ इंच वाढवलेला पडून आहे, तो मागून घेतो. जेटिंग बसलं की एकाच दिवशी, त्याच टायरवर, आधी माझं १५ स्टॉक आर्मवर आणि मग १४ लांब आर्मवर, प्रत्येकी पाच पास. चेन तेवढी लांब लागेल ती आजच मोजून ठेवतो.

पोर्टवेडा:
पाच नको, आठ करा. पहिले दोन तर माती गरम व्हायलाच जातात. आणि प्रत्येक पासला पहिल्या ६० फुटांचा टाइम वेगळा लिहा, माझं म्हणणं खरं असेल तर फरक तिथेच दिसेल.