आयात पामतेलाला मिलपर्यंतचा माग सक्तीचा करावा का? (नागपूर तेल-व्यापार चर्चा)

तेलतंत्र:
भारत वर्षाला साधारण ७५ ते ९० लाख टन पामतेल बाहेरून आणतो, बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून. इतवारीतला पामोलीनचा १५ किलोचा डबा, फरसाणवाल्याची कढई, बिस्किटातलं वनस्पती तूप, साबणाचं स्टिअरिन (पामतेलाचा घट्ट भाग), सगळीकडे तेच तेल जातं. ते कोणत्या जमिनीवरून आलं हे विचारणारा एकही सक्तीचा नियम आपल्याकडे नाही. लेबलवर पामतेलाचं नाव लिहावं लागतं, मिलचं, म्हणजे बागेजवळ घडांतून तेल काढणाऱ्या कारखान्याचं, नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक खेपेसोबत आयातदाराने पुरवठादार मिलची यादी द्यावी: नाव, अक्षांश-रेखांश आणि खेपेतला वाटा. त्यासोबत दोन अटी असाव्यात. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून लावलेल्या बागेचं तेल नको आणि पीट (दलदलीत साचलेल्या पाल्याच्या) जमिनीवर नवी लागवड नको. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळलं. पीटमध्ये चर खणून पाणी काढलं की हजारो वर्षांचा अर्धवट कुजलेला पाला वाळतो, आणि लागलेली आग जमिनीखालून आठवडेच्या आठवडे धुमसत राहते.

शेतापर्यंत न जाता मिलवरच का थांबायचं, त्याचं कारण तांत्रिक आहे. पामच्या फळांचा घड तोडल्यावर साधारण २४ तासांत वाफेच्या स्टरिलायझरमध्ये गेला पाहिजे. उशीर झाला की फळातलंच लायपेज हे विकर तेल फोडायला लागतं, फ्री फॅटी ॲसिड (तेलातलं सुटं आम्ल) चढतं आणि कच्च्या तेलाच्या सौद्यातली ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे मिलचा माल बहुतेक ५० किलोमीटरच्या आतला असतो. मिल कळली म्हणजे नजर कुठे ठेवायची ते कळलं.

इतवारी तेलपेठ:
कागदावर ठीक आहे भाऊ, पण ५० किलोमीटरचं वर्तुळ म्हणजे सुमारे ७,८५० चौरस किलोमीटर. आपल्या नागपूर जिल्ह्याचा जवळपास चार-पंचमांश. तेवढ्यात राखीव जंगल असतं, कंपनीची बाग असते आणि दोन हेक्टरवाला शेतकरीही असतो. एखाद्या कोपऱ्यात तोड झाली की अख्खी मिल संशयित ठरवणार का? इंडोनेशियात लागवडीचा साधारण ४० टक्के भाग छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. त्यांचे घड दलाल गोळा करतो आणि ज्या मिलचा भाव चांगला तिथे ट्रक नेतो. आज या मिलला, उद्या त्या मिलला.

पुढे जहाज आलं. एका टाकीत चार मिलचं तेल, किनाऱ्यावरच्या टाकीत तीन जहाजांचं. रिफायनरीत ओलीन (पातळ भाग) वेगळं, स्टिअरिन वेगळं, फॅटी ॲसिड डिस्टिलेट (शुद्ध करताना निघणारं आम्ल) वेगळं. मग टँकर नागपूरला येतो आणि इथला पॅकिंगवाला आधीच्या उरलेल्या मालावर तो रिकामा करतो. या डब्यावर कोणत्या मिलचं नाव लिहायचं? तुम्ही सगळे नियम शेवटी पॅकिंगवाल्याच्या गळ्यात टाकून राहिले. युरोपनेसुद्धा जंगल तोडून पिकवलेला माल रोखणारा स्वतःचा कायदा दोनदा पुढे ढकलला.

तेलतंत्र:
दलालाचा मुद्दा खरा आहे, म्हणून मिलकडे घडांच्या खरेदीचं वजनकाटा रजिस्टर मागायला हवं: ट्रकचा नंबर, दलाल, गाव, वजन. शंभर टन घडांतून साधारण २० ते २२ टन तेल निघतं. रजिस्टरमध्ये ५०,००० टन घड आणि विक्रीत १५,००० टन तेल दिसलं, तर बाहेरचा माल आत आलाय हे गुणाकारानेच कळतं.

टाक्यांचं उत्तर मास बॅलन्समध्ये आहे. तेल वेगळं साठवायची गरज नाही, हिशेब वेगळा ठेवायचा. रिफायनरीने यादी असलेलं १,००० टन कच्चं तेल घेतलं आणि घट, डिस्टिलेट, स्टिअरिन वजा जाता ७५० टन ओलीन निघालं, तर 'यादीचं' म्हणून तेवढंच विकता येईल, एक टनही जास्त नाही. आरएसपीओ या शाश्वत पामतेलाच्या स्वेच्छेच्या प्रमाणनात ही पद्धत कित्येक वर्षं चालू आहे आणि जगाच्या पामतेलाचा साधारण पाचवा हिस्सा त्यात बसतो. नागपूरच्या पॅकिंगवाल्याने फक्त टँकरच्या बिलावरचा खेप-क्रमांक जपायचा.

नवी खिडकीही उघडावी लागत नाही. वनस्पती तेलाच्या उत्पादन आणि उपलब्धतेचा २०११ चा नियमन आदेश २०२५ मध्ये सुधारला आणि तेल उद्योगाला दरमहा उत्पादन आणि साठ्याची माहिती भरणं आलं. त्याच फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा.

सोयाविदर्भ:
मला हा सगळा खटाटोप चुकीच्या दिशेने चाललेला वाटतो. ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. इथे २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि बाजार त्याच्या खाली. बाहेरच्या तेलाला 'शाश्वत' असा शिक्का मारून दिला की ग्राहकाचं मन शांत होतं आणि आयात सुरूच राहते. शुल्क वाढवा, पाम कमी आणा, तिथलं जंगलही वाचेल.

तेलतंत्र:
शुल्काच्या मागणीला माझा विरोध नाही, तो शेतकऱ्याचा हक्काचा प्रश्न आहे. पण पामची जागा सोयाबीन भरेल हे गणितात बसत नाही. हेक्टरी १० क्विंटल सोयाबीन, त्यात १८ टक्के तेल, म्हणजे १८० किलो. पामची चांगली बाग हेक्टरी साडेतीन-चार टन देते. ७५ लाख टन सोया तेलाला चार कोटी हेक्टरहून जास्त जमीन लागेल. देशातलं सोयाबीन सव्वा कोटी हेक्टरच्या आसपास आहे.

कायद्याचं बोला:
दोघांनी जागतिक व्यापार संघटनेचा विचार केलेला नाही. आयात मालावर जी अट घालाल ती देशी मालालाही लागली पाहिजे, नाहीतर पहिल्याच तक्रारीत नियम पडेल. पामपासूनच्या जैवइंधनावर युरोपने घातलेल्या अटींविरुद्ध मलेशिया तिथे तक्रार घेऊन गेला होता, त्याचा अहवाल मार्च २०२४ मध्ये आला. पर्यावरणासाठी अट घालायला पंचमंडळाने मूलतः हरकत घेतली नाही, पण ती राबवण्याच्या पद्धतीतले दोष दाखवले. आपल्या मसुद्यात नेमकं तेच सांभाळायला हवं.

म्हणून सुरुवात घरातून करा. केंद्राच्या २०२१ च्या पाम मिशनमध्ये ११,०४० कोटींची तरतूद होती आणि साडेसहा लाख हेक्टर नव्या लागवडीचं लक्ष्य. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त ईशान्य भारतात. तिथल्या डोंगरउतारावर काय तोडून लावलं, ही नोंद आज सक्तीची नाही. उलट आंध्रात १९९३ च्या कायद्याने प्रत्येक मिलला ठरलेलं क्षेत्र दिलंय आणि शेतकरी त्याच मिलला घड देतो. म्हणजे शेतापर्यंतचा माग तिथे जवळजवळ तयारच आहे. तोच नमुना देशभर लावला, तर आयातदाराकडे त्याच दर्जाची माहिती मागायचा हक्क येतो.

इतवारी तेलपेठ:
हे पटण्यासारखं आहे. पण जंगल तुटलं की नाही हे ठरवणार कोण? उपग्रहाच्या चित्रात तीन वर्षांच्या आतलं पाम नीट ओळखू येत नाही, रबराची बाग पामसारखी दिसते, आणि बोर्निओवर ढग महिनोन्‌महिने हटत नाहीत.

तेलतंत्र:
ढगांसाठी सेंटिनेल-१ सारखं उपग्रहावरचं रडार आहे, ते ढगांतून पाहतं. रबराचा गोंधळ राहतोच, म्हणून चित्र हा पुरावा धरू नये, इशारा धरावा. इशारा आला की मिलला ६० दिवसांत त्या तुकड्याची कागदपत्रं द्यायला सांगायचं. मलेशियात एमएसपीओ हे शाश्वत पामतेलाचं प्रमाणन २०२० पासून सक्तीचं आहे, तिथल्या मिलकडे ही फाईल असायलाच हवी.

सांडपाणी_मोजा:
सगळे जंगलावर अडकलात, मिलच्या मागच्या तळ्याकडे कोणी बघत नाही. एक टन घडांमागे ०.६ ते ०.७ घनमीटर सांडपाणी निघतं. ताशी ६० टनांची मिल २० तास चालली तर दिवसाला ७२० ते ८४० घनमीटर. बीओडी (त्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) २५,००० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या घरात. उघड्या तळ्यात ते कुजलं की मिथेन थेट हवेत जातो.

मलेशियाने २०१४ पासून नव्या मिलना मिथेन पकडणं बंधनकारक केलं, पण 'संयंत्र बसवलं' एवढ्यावर समाधान मानणारं मानक कुचकामी असतं. झाकलेल्या तळ्यात तेलाचा थर वर जमतो, तळाशी गाळ बसतो आणि सांडपाणी कुजायला पुरेसा वेळच मिळत नाही. वायूतला हायड्रोजन सल्फाइड आधी धुतला नाही तर त्या वायूवर चालणाऱ्या इंजिनाचे भाग खातो. मग इंजिन बंद ठेवतात, मशालही (वायू जाळून टाकायची ज्योत) पेटवत नाहीत आणि झाकणाच्या कडेने वायू सुटत राहतो. म्हणून नियमात आकडा मोजलेल्या वायूचा हवा: प्रवाहमापकाची रोजची नोंद, मिथेनचं प्रमाण आणि मशाल किती तास विझलेली होती ते. मिलच्या यादीसोबत हे एक पान जोडा.

सोयाविदर्भ:
आणि याचा खर्च? तो ग्राहकावर किंवा शेतकऱ्यावरच येणार.

कायद्याचं बोला:
टनामागे १,००० रुपये वाढले तरी किलोला एक रुपया, १५ किलोच्या डब्याला पंधरा रुपये होतात. प्रश्न तो रुपया कोणाकडे थांबतो हा आहे. दंडाची जबाबदारी फक्त आयातदार आणि बंदरावरच्या रिफायनरीवर ठेवावी, पॅकिंगवाल्याने खेप-क्रमांक दिला की तो सुटला, असं कलम मसुद्यात स्पष्ट लिहायला हवं.

इतवारी तेलपेठ:
ते कलम असेल तर माझा विरोध अर्धा संपला. उरलेला अर्धा मुदतीचा. दोन-तीन रिफायनऱ्यांचं ओलीन एकाच टाकीत घेणाऱ्याला हिशेबाची सवय व्हायला एक पूर्ण तेलवर्ष, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर, दंडाशिवाय द्या. तेवढ्यात कोणाचा माग तुटतो ते त्याच मासिक फॉर्ममध्ये दिसेल.

तेलतंत्र:
वर्ष मान्य. पण सवलत मागाच्या नोंदीलाच. पीटची अट पहिल्या खेपेपासून लागू हवी, कारण एकदा चर खणून कोरडी केलेली पीट जमीन वर्षभराच्या सवलतीनंतर परत मिळत नाही.